बजाबाईच्या लेपाची जट

बाळीवेशीत बजाबाईला सगळे लेपवाली म्हणायचे. खरं तर तिचं पोट चालायचं कांड्यांवर. शेजारच्या तिप्पण्णा विणकराचे दोन माग होते, त्याला ती दिवसभर रहाटावर सूत गुंडाळून कांड्या भरून द्यायची. लेप हा फावल्या वेळचा. गुरुवारी संध्याकाळी पाट्यावर माका, ब्राह्मी, जास्वंदीची पानं, भिजवलेली मेथी आणि आवळकाठी वाटायची, आणि शुक्रवारी आळीतल्या बायका न्हाण्याआधी पळसाच्या पानावर गोळा घेऊन जायच्या. कुणी पैसा द्यायची, कुणी मूठभर ज्वारी, कुणी नुसतंच "बरं हाय की गं?" विचारून निघायची.

हा लेप कशावर चालतो, हे मात्र बजाबाईला विचारायची सोय नव्हती. केस गळतात त्याला चालतो, पिकतात त्यालाही चालतो. डोळ्यांची आग, झोप न लागणं, बाळंतिणीचं डोकं भणभणणं, सासूवर येणारा राग, सगळ्याला तोच. एकीनं एकदा विचारलंच, "येक लेप येवढ्या ठिकाणी कसा गं जातो?"

"मला काय ठावं? मी त्याला डोस्क्यावर ठिवते. फुडं त्यो त्याच्या वाटंनं जातो."

बायका हसल्या, आणि तीही हसली. पण उत्तर तिनं खरंच दिलं होतं. सांगोल्याकडच्या तिच्या आईनं तिला वाटायला शिकवलं, का वाटायचं ते शिकवायच्या आधीच आई गेली. त्यात एक गोष्ट मात्र बजाबाईची स्वतःची होती. लेप पातळ झाला की कपाळावरून ओघळून कानात जायचा. म्हणून ती तिप्पण्णाच्या मडक्यातली थोडी खळ त्यात घालायची. खळ म्हणजे विणकर ताण्याच्या सुताला लावतात ती पिठाची चिकट पेज. सूत ताठ राहतं, तुटत नाही. लेपही मग डोक्यावर शहाण्या लेकरासारखा बसून राही. दोन घटकांनी धुतला की झालं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. लपवलं असंही नाही. कुणी विचारलंच नव्हतं.

सोलापुरात मार्शल लॉ लागून उठला, त्याच्या दुसऱ्या वर्षी फाल्गुनात तिच्या वच्छलाला गोवर आला. वच्छला दहा वर्षांची, एकुलती. बाप गिरणीत कामाला होता, तो छातीच्या दुखण्यानं आधीच गेलेला. पोरीच्या अंगावर पुरळ उठला तसं घरात सगळं रीतीप्रमाणं झालं. दाराला लिंबाचा डहाळा लागला, फोडणी बंद, आणि पोरीच्या डोक्याला पाणी नाही, तेल नाही, फणी नाही. अंगात देवी पाहुणी आलेली असते, तिला ओरबाडायचं नसतं.

ताप उतरला, पण डोकं तव्यासारखं तापलेलं. डोळे लाल. पोर म्हणायची, "आये, डोस्क्यात चूल पेटलीय गं." बजाबाईला राहवेना. पाणी लावायचं नाही, पण लेप म्हणजे काय पाणी नव्हे, असं तिनं मनाशी ठरवलं आणि जाड थर दिला. पोर शांत झोपली. दुसऱ्या दिवशी तो वाळून टिकला, पण धुवायचा कसा? देवी बोळवल्याशिवाय धुणं नाही. मग तिनं त्याच्यावरच दुसरा ओला थर दिला. त्याच्यावर तिसरा. पोर उशीवर डोकं घाशीत होती आणि आई थर देत होती.

शेवटी दहीभाताचा नैवेद्य झाला, देवी बोळवली, आणि बजाबाईनं पोरीचं डोकं न्हाणीत धरलं. समोरचे केस सुटले. मागं मानेवर मात्र हाताला काहीतरी लागलं. पोरीच्या मुठीएवढं, दोरखंडासारखं पिळलेलं. पाणी घातलं, शिकेकाई घातली. ते हाललं नाही.

त्याच वेळी अक्कलकोटाकडून मायाक्का आली. मायाक्का म्हणजे बजाबाईची थोरली नणंद. भाचीसाठी गूळ-शेंगा घेऊन आली होती. तिनं न्हाणीत डोकावलं आणि गुळाचं गाठोडं उंबऱ्यातच ठेवलं.

"यव्वा," ती हळूच म्हणाली. "वैनी, हात काड. फणी लावू नको. ही जट हाय."

"लेप वाळलाय वन्सं."

"लेप कसा वाळंल गं मानंच्या मागं? लेप टाळूला लावतेस न्हवं तू? ही यल्लम्माची जट हाय. गोवराच्या रूपानं आली नि खूण ठिवून गेली."

बजाबाईनं तांब्या खाली ठेवला. जटेचा अर्थ तिला ठाऊक होता, त्या भागात कुणाला ठाऊक नव्हता? पोरीच्या डोक्यात जट निघाली की ती देवीची. पौषाच्या पुनवेला डोंगरावर न्यायची, गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ बांधायची, हातात परडी द्यायची. मग ती जन्मभर दारोदार जोगवा मागणार. तिला नवरा नाही, घर नाही, आणि पुढं तिचं काय होतं ते बायका एकमेकींच्या कानातच बोलत.

"आत्ती," खाली वाकलेली वच्छला म्हणाली, "परडी वेताची असती का बांबूची?"

"गप बस," दोघी एकदमच म्हणाल्या.

मायाक्का काही दुष्ट नव्हती. तिच्या जावेच्या डोक्यात जट निघाली होती आणि दिरानं ती कातरीनं कापली होती. वरीस सरायच्या आत जावेचे डोळे गेले. "म्या तिला हाताला धरून परसाकडं न्हेत हुते वैनी," मायाक्का सांगायची, आणि सांगताना तिचा हात खरंच कुणालातरी धरल्यासारखा पुढं व्हायचा. अशा बाईला खोटं कसं म्हणायचं? पण मग पोर द्यायची?

बजाबाईचं डोकं चालेना. लेपानं झालं म्हणावं, तर आपल्या हातानं पोरीचं वाटोळं केलं आणि उद्यापासून आळीतली एकही बाई लेप नेणार नाही. देवीनं केलं म्हणावं, तर लेप वाचला आणि पोर गेली. कांड्या भरताना तिचं सूत तीनतीनदा तुटायला लागलं, तशी तिप्पण्णानं विचारलं, "काय झालंय बजाबाई? रहाट फिरतोय उजवा नि तू बसलीस डावी."

तिनं पोरीला हाक मारली आणि मान दाखवली. खळीचंही सांगितलं. तिप्पण्णानं चष्मा नाकावर चढवून बराच वेळ बघितलं.

"खळ लावली नि कुंचा न्हाय फिरवला, तर सुताचं असंच व्हतंय," तो म्हणाला.

"मंग खळीनंच झालं म्हणा की."

"सूत असतं तर म्हणलो असतो. हे डोस्कं हाय बाई. डोस्क्याचं मी कसं म्हणू? माजी बायको यल्लम्माचा शुक्रवार धरती."

तेवढ्या आधारानं बजाबाई घरी आली आणि तिनं जे केलं ते शहाणपणाचं की खुळेपणाचं, यावर आळीत पुढं बरेच वाद झाले. तिनं पाट्यावर तोच लेप वाटला, तेवढीच खळ घातली, आणि आपल्या डोक्याला थापला. धुतला नाही, फणी घातली नाही. वाळला की वर दुसरा थर. पडल्यापडल्या उशीवर डोकं घाशीत राहायची. पोरीचं डोकं जेवढे दिवस तसं राहिलं होतं तेवढेच दिवस आपलंही ठेवायचं, असा तिचा हिशेब. जट आली तर ती लेपाची, नाही आली तर देवीची. इतकं सरळ काम होतं.

मायाक्का मुक्कामालाच होती. तिनं एकदा म्हटलं, "वैनी, वास मारायला लागलाय तुज्या डोस्क्याला."

"थंडावा घेतीय वन्सं."

बजाबाईनं शेवटी डोकं धुतलं, आणि मानेमागं हात नेला, तर जट. पोरीपेक्षा मोठी. तिला इतका आनंद झाला की ती ओल्या अंगानंच बाहेर आली. जट निघाल्याचा आनंद झालेली बाई सोलापुरात तीच पहिली असेल.

"वन्सं, ह्ये बगा. मलाबी झाली. लेपानंच व्हती. पोरीचीबी लेपाचीच."

मायाक्का उठली. जवळ आली, जट बघितली आणि खाली वाकून तिनं बजाबाईच्या पायावर डोकं ठेवलं. थोरल्या नणंदेनं भावजयीच्या पायावर.

"आवो वन्सं, ह्ये काय करताय?"

"माय-लेकी दोघींनाबी बोलावलं गं तिनं," मायाक्का म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग बजाबाईनं खळीचं सगळं सांगितलं. मडकं कुठलं, किती ओंजळ, सुताचं कसं होतं, तिप्पण्णा काय म्हणाला. मायाक्कानं शांतपणे ऐकून घेतलं.

"खळ घालायचं तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच न्हाय. मलाच सुचलं."

"तुज्या आईनं घातली व्हती?"

"न्हाय."

"मग तुलाच कसं सुचलं?"

आता बजाबाईला स्वतःलाच ठरवता येईना. खळ घालायची बुद्धी खरंच कुठून आली होती? लेप ओघळतो म्हणून आली, पण सगळ्या बायकांचे लेप ओघळतात, त्यांना नाही आली. ती जितका विचार करी तितकी गुंत घट्ट व्हायची. एवढं मात्र तिला कळून चुकलं, की ह्या रस्त्यानं गेलं तर कितीही पुरावे आणले तरी मायाक्का ते देवीच्या ओटीत घालणार. आणि मायाक्का खोटं बोलतीय असं तिला छातीवर हात ठेवून म्हणता येत नव्हतं.

वच्छला दारात बसून चिंचोके खेळत होती. मान वाकडी करूनच खेळत होती, कारण जटेचं ओझं एका बाजूला ओढायचं. बजाबाईनं तिच्याकडं बघितलं.

"वन्सं," ती म्हणाली, "येक इचारू? तुमाला देवीचं जास्त कळतंय. पोर दुखण्यात व्हती, तिला कसली समज न्हवती. तिच्या डोस्क्यात जे झालं ते माज्या हातानं झालं. मी मातर शुद्धीत बसून, आपल्या हातानं, आपल्या डोस्क्याला लावलं. यातली देवीकडं आपल्या पायानं कोण गेली?"

मायाक्कानं आधी तिच्या जटेकडं बघितलं, मग पोरीच्या.

"तू," ती म्हणाली. "पर पोरीचीबी हायच की."

"येका घरात दोन जोगतिणी कशाला? तिला काय कमी हायत? माजी जट तिची. पोरीची जट माजी. मी ती कापणार न्हाय, कातर लावणार न्हाय. उकलणार. उकलली तर ती खळीची. न्हाय उकलली तर तुमी म्हणाल तसं."

"आन् डोळं गेलं तर?"

"माजं जातील. मी देवीला सांगितलंय तसं." कधी सांगितलं ते बजाबाईलाही माहीत नव्हतं. बहुतेक त्याच वेळी सांगितलं असावं.

मायाक्का जटेला हात लावायला तयार झाली नाही. पण एरंडेलाची वाटी घेऊन ती शेजारी बसली आणि थेंबथेंब सोडत राहिली. बजाबाई मागाच्या सुईनं एकेक केस सोडवत होती. तुटलेलं सूत जोडायची तिची बोटं, त्यांना घाई ठाऊक नव्हती. ऊन दारातून भिंतीवर गेलं, भिंतीवरून गेलं. पोर रडली, झोपली, उठून भाकरी मागितली. दुसऱ्या दिवशीही तेच. मायाक्का तोंडानं देवीचं नाव घेत होती आणि मधेच म्हणायची, "हितं वड लागतीय बग, खालनं घे." शेवटी केसांचा एवढा मोठा गुंता हातात आला, पण उरलेले केस सुटे होते. पाठीवर पसरले.

त्यानंतर कितीतरी सकाळी मायाक्का उठल्या उठल्या भाचीपुढं बोटं धरायची.

"किती?"

"तीन."

"आन् आता?"

"आत्ती, तू रोज तीनच धरतीस."

बजाबाईनं शब्द पाळला. डोंगरावर जाऊन परडी घेऊन आली, मंगळवार-शुक्रवार पाच घरं मागायची, बाकीचे दिवस कांड्या. जटेला भंडारा लावायची. गंमत म्हणजे लेप बंद पडेल म्हणून ती घाबरली होती, तर झालं उलटंच. जट आलेल्या बाईच्या हातचा लेप म्हणून पार शुक्रवार पेठेतून बायका यायला लागल्या. तिनं खळ सोडून दिली. लेप पुन्हा कानात ओघळायला लागला, पण कुणी तक्रार केली नाही. उलट बायका म्हणत, गुण आता जास्त येतोय. बजाबाईला याचाही अर्थ लागला नाही.

वच्छलाचं लग्न टेंभुर्णीला झालं. स्थळ मायाक्कानंच आणलं. नव्या विहिणीनं दबकत विचारलं, "जट खरीच हाय न्हवं?" बजाबाई म्हणाली, "मी खरी घेतलीय. फुडचं तिला ठावं."

पोर पहिल्या बाळंतपणाला आली, त्या दिवसांत बजाबाईची जट मुळाशी ढिली झाली. जुनी झाली म्हणा, देवीनं सोडली म्हणा. नुसता हात लावला तरी हलायची. एखादी सुटले म्हणाली असती. बजाबाईला मात्र उलटाच हिशेब दिसला. सौदा मोडला असं वर कुणी समजलं, तर आत पोर अवघडलेली. तिनं काळा दोरा घेतला आणि जट मुळाशी कशीबशी बांधली. हात मागं पोचत नव्हता, गाठ नीट बसली नाही.

मायाक्का बाळंतिणीसाठी डिंक घेऊन आली होती. भावजय वाकून चूल फुंकत होती, तेव्हा तिला दोरा दिसला. ती उभी राहिली. बजाबाईला मागं नजर जाणवली, पण ती वळली नाही, फुंकत राहिली.

मायाक्का खाली बसली. आजवर कधी हात न लावलेली ती जट तिनं डाव्या हातात धरली, गाठ सोडली, आणि पुन्हा बांधली, घट्ट.

"वड बसती का?" तिनं विचारलं.

"न्हाय," बजाबाई म्हणाली. "बसू द्या तशीच."