वर बसवलेला ट्रान्समीटर

धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मी दाब, तापमान मोजणाऱ्या उपकरणांचं काम पाहतो. त्या वर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर वाफेच्या मुख्य लाइनवर दाब मोजून त्याचा आकडा कंट्रोल रूमच्या पडद्यावर पाठवणारा नवा ट्रान्समीटर बसवायचा होता. तो वर पाइपलाच बसवता येत होता, नाहीतर तिथून बारीक नळी खाली आणून छातीच्या उंचीला, स्टँडवर.

आमचे फिटर जिल्ह्यातल्याच वाशीकडचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. सगळे त्यांना मामा म्हणत. पाइपकडं बघत ते म्हणाले, "साहेब, खाली घ्या. हा पाइप लई थरथरतो. वर बसवला की दर खेपेला कुणीतरी चढणार."

मी म्हणालो, "नळी खाली आणली तर जोड वाढतात, मामा. तिच्यात पाणी साचतं, त्याचा दाब हिशेबातनं वजा करावा लागतो. बॉयलर चार दिवसांत पेटतोय."

खरं तर एवढं काम दीड दिवसाचं होतं. मला घाई होती, आणि त्यांचं ऐकलं असं दिसू नये असंही वाटत होतं. वर चढून त्यांनीच तो बसवला, अगदी नीट.

महिनाभरात आकडा नाचायला लागला. हादऱ्यानं आतली वायर सैल झाली असणार. एका दुपारी मी कंट्रोल रूममधून मामांना निरोप पाठवला, जरा बघून या. थोड्या वेळानं पडद्यावरचा आकडा एकदम स्थिर झाला. मला बरं वाटलं. तेवढ्यात बाहेर आरडाओरड झाली.

वायर आवळून उतरताना त्यांचा हात गरम पाइपला लागला होता आणि शिडी सुटली होती. खुब्याचं हाड मोडलं. ते पुन्हा कामावर आले नाहीत.

ट्रान्समीटर मी दुसऱ्याच दिवशी खाली घेतला. दीड दिवसही लागला नाही.

हंगाम संपल्यावर त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात बाजेवर बसले होते, काठी शेजारी. मामींनी चहा दिला. मी म्हणालो, "मामा, तुमचं ऐकायला पाहिजे होतं."

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "त्या दिवशी आकडा थांबला व्हता का?"

"थांबला होता."

"मग झालं," म्हणाले, आणि कपाची कड चाचपत बसले. माफ केलं की नाही, ते मला कळलं नाही. पुढच्या वर्षी ते गेले.

आता पडद्यावर एखादा आकडा नाचला तर मी घाबरत नाही. तो अचानक स्थिर झाला की मात्र माझे कान बाहेर लागतात, आणि कुणीतरी आत येऊन काही साधंसं बोलेपर्यंत मी खुर्चीतून हलत नाही.