चार मोजेपर्यंत

माझ्याकडे तेव्हा एक विमान होतं. गावात ट्रॅक्टर तिघांकडे होते, विमान फक्त माझ्याकडे, आणि तेही मोबाइलमध्ये. नागपूरला होस्टेलवर असताना एका मैत्रिणीच्या भावाने तो गेम फोनमध्ये टाकून दिला होता. त्याला नेट लागत नव्हतं, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. आमच्याकडे नेट हवं असेल तर तलावाच्या पाळीवर जाऊन उभं राहावं लागतं.

विमान जड होतं. झेपावणारं, उलटंपालटं होणारं नव्हे. खालच्या वस्तीभोवती ते घारीसारखं गोल गोल फिरत राहायचं आणि त्याच्या डाव्या कुशीतून तीन तोफा खाली रोखलेल्या असायच्या. लहान तोफ नुसती तडतडायची, मधली ठोके घालायची, आणि मोठीचा गोळा सुटला की जमिनीवर पोचायला चार मोजावे लागायचे. एकदा सुटला की त्याला परत बोलावता येत नाही. पडद्यावर रंग नव्हते. जे गार ते काळं, जे गरम ते पांढरं. माणसं म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके. उजव्या अंगठ्याखाली एक लाल गोल असायचा, तो दाबला की काम झालं.

आई गेली ती धानाच्या रोवणीच्या दिवसांत, चार दिवसांच्या तापाने. मी नागपूरची नोकरी सोडून घरी आले, बाबांच्या भाकरी थापू लागले. मी रडले नाही. बाया म्हणाल्या, पोरगी खमकी आहे. खमकी कसली! आत काही हलतच नव्हतं. दिवसभराची कामं उरकली की मी पडवीत भिंतीला टेकून बसायची आणि विमान उडवायची. मजा यायची म्हणून नव्हे. त्या वेळात कुणाशी बोलावं लागायचं नाही, एवढंच.

बाबा जाळं विणत समोर बसलेले असायचे. धानाची थोडी शेती आणि तलावातली मासोळी, यावर आमचं घर चालायचं. ते मधूनच वाकून पाहायचे.

"कोन व्हत हे लोकं?"

"दुश्मन."

"कोनाचे?"

"मले काय माहीत, बाबा. गेम आहे तो."

"त्याईले तुह्यं विमान दिसते का?"

"नाई. नुसता आवाज येते."

"मंग कायची लढाई वो हे," असं म्हणून ते पुन्हा जाळ्याकडे वळायचे. मला राग यायचा. दिवसभर गप्प बसणारा माणूस नेमका तेव्हाच बोलायचा.

त्या आठ-नऊ महिन्यांत मला एक गोष्ट मात्र पक्की कळली. गेममधल्या वस्त्यांत गुरंही असायची, आणि गुरं मारली की गुण कापले जायचे. माणसं मारल्याचे मिळायचे. त्यामुळे ठिपका दिसला की आधी तो कोण, हे ओळखावं लागायचं. विमानाचा आवाज आला की जनावर जागच्या जागी थांबतं, नाहीतर वाट फुटेल तिकडे पळतं. माणूस आडोसा शोधतो. भिंतीला चिकटतो, झाडाखाली शिरतो, आणि तिथे अंग चोरून बसतो. म्हणजे जो लपतो तो माणूस. हे एकदा डोक्यात बसलं की अंगठा आपोआप चालतो.

मोहाचे दिवस आले. मोहफुलं पहाटे गळतात. ती वाळलेल्या पाल्यात पडली की वेचताना कंबर मोडते, म्हणून आमच्याकडे झाडाखालचा पाला आधी जाळून घेतात. काळी स्वच्छ जमीन झाली की पिवळी फुलं लांबून दिसतात. कोणतं झाड कोणत्या घरचं हे ठरलेलं असतं, कागदावर कुठे नाही, पण कुणी दुसऱ्याच्या झाडाखाली टोपली ठेवत नाही. पाला जाळायला बंदी आहे. आगीमुळे जंगल पेटतं, हे खरंच आहे. दरवर्षी कुठे ना कुठे पेटतं. दोन वर्षांपासून वनखात्याचा ड्रोन आग शोधत फिरू लागला होता. तो घोंगावत आला की लोक टोपल्या टाकून झुडपांत शिरायचे, तो गेला की पुन्हा बाहेर. मग दुपारी एकमेकांना ते हसून सांगायचे.

आमची दोन झाडं नाल्यापलीकडे होती. तिकडे त्या महिन्यात वाघ फिरत होता, म्हणून तिकडे जायलाच मनाई होती, तरी लोक चोरून जाऊन पाला जाळून यायचे. आईने ती झाडं लग्न होऊन आल्यापासून वेचली होती. मी म्हटलं, "यंदा राहू द्या, बाबा." ते म्हणाले, "तिचे झाडं आहेत. फुलं सडू देऊ का मी?" दुसऱ्या दिवशी पहाटे ते टोपली आणि आगपेटी घेऊन निघाले. मी चहा करून दिला आणि पुन्हा आडवी झाले.

दहा वाजले, अकरा वाजले. बाबा आले नाहीत. बाराला मी शेजारच्या काकांना सांगितलं. चार माणसं काठ्या घेऊन निघाली, तोवर वाघाच्या कामावर असलेले वनखात्याचे लोकही आले. त्यातल्या गार्डने मला विचारलं, "बाई, कोन्या बाजूनं गेले बाबा?"

आणि मी म्हणाले, "जनावरं पाहाले गेले होते. तलावाच्या बाजूनं."

तोंडातून ते कसं निघालं, मला सांगता येणार नाही. नाल्यापलीकडे म्हटलं तर विचारतील, तिकडे कशाला? मोह वेचायला म्हटलं तर विचारतील, पाला कुणी जाळला? खाकी कपडा समोर आला की आमच्याकडे आधी खोटं तोंडात येतं. आजूबाजूला गावची दहा माणसं उभी होती. बाबा कुठे गेले हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊक होतं. कुणी हूं की चूं केलं नाही. उलट एकाने मान डोलावली. झाडं त्यांचीही होतीच.

संध्याकाळपर्यंत तलावाची बाजू पिंजून काढली. काका आणि दोघं गुपचूप नाल्यापर्यंत जाऊन हाका मारून आले, पण वाघाच्या भीतीने पलीकडे उतरले नाहीत. अंधार पडल्यावर सगळेच परतले. मी भात टाकला, दोघांचा. मला रडू आलं नाही, छातीत धडधडलं नाही. मी फक्त मनात म्हणत होते, सकाळी सांगू.

सकाळी उजाडायच्या आधीच गार्ड ड्रोन घेऊन शेतांकडे जाणाऱ्या पांदीच्या तोंडाशी उभा होता. त्या ड्रोनला उष्णता दिसणारा कॅमेरा होता. तो म्हणाला, ऊन चढल्यावर दगडमातीही तापते, मग काही कळत नाही, जे पाहायचं ते आताच. त्याच्या हातातल्या पडद्यावर मी नजर टाकली. तोच काळा-करडा रंग. तेच पांढरे ठिपके. इतके महिने मी जिथे बसत होते, तिथेच कुणीतरी मला परत आणून बसवलं होतं.

"भाऊ," मी म्हणाले, "मी काल खोटं बोलली. बाबा नाल्यापल्याड गेले आहेत. मोहाले. पाला जाळाले."

गार्डने माझ्याकडे पाहिलं. "काल काऊन नाई सांगतलं, बाई?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने ड्रोन वळवला.

नाल्यापलीकडे जंगल उघडं पडलेलं होतं, झाडांवर पानं नव्हती. पडद्यावर ठिकठिकाणी पांढरट गोल दिसायला लागले. गार्ड गोंधळला. "हे काय आहे एवढं?"

"मोहाच्या बुडाच्या आगी," काका हळूच म्हणाले. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मग सगळेच बोलू लागले, हे याचं झाड, ते त्याचं. मी आमची दोन झाडं दाखवली. एकाखालचा गोल मोठा होता, दुसऱ्याखाली काहीच नव्हतं. म्हणजे एका झाडाखालचं जाळून झाल्यावर आणि दुसऱ्यापर्यंत पोचण्याआधी काहीतरी घडलं होतं.

दोन झाडांच्या मधे, नाल्याच्या काठावर, एक ठिपका होता. लांबट, जमिनीला चिकटलेला.

"डुक्कर आहे," एकजण म्हणाला.

"अस्वल असन. मोह खाले येते ते."

गार्डने ड्रोन खाली घेतला. आवाज तिथे पोचला असणार. ठिपका हलला. तो पळाला नाही, जागच्या जागी थांबलाही नाही. तो हळूहळू, थांबत थांबत, बाजूच्या बांबूच्या बेटाकडे सरकला, आत शिरला, आणि दिसेनासा झाला.

"गेलं जनावर," गार्ड म्हणाला आणि ड्रोन पुढे न्यायला लागला.

"नाई," मी म्हणाले. "तो लपला. जनावर लपत नाई. मानूस आहे तो."

हे बोलत असतानाच माझं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. उजवा अंगठा ओढणीच्या टोकावर दाबून बसला होता. घट्ट. मी तो उचलला तर तो पुन्हा तिथेच गेला. लाज तेव्हा वाटली नाही, ती मागाहून आली आणि अजून गेलेली नाही. तेव्हा मी एवढंच केलं, की डाव्या हाताने तो अंगठा मुठीत धरून ठेवला आणि लोकांच्या मागे पळत सुटले.

बाबा बांबूच्या बेटात सापडले. पाय घोट्याच्या वर मोडला होता, नाल्याच्या दरडीवरून घसरले होते. अंगावर वाळलेला पाला ओढून घेतला होता, डोक्यावर टोपली पालथी. रात्रभर तिथे, वाघाच्या रानात, तहानेने ओठ फुटलेले. गार्ड त्यांच्याजवळ गुडघे टेकून बसला, त्याने पाण्याची बाटली पुढे केली. बाबांनी पाणी घेतलं नाही. आधी म्हणाले, "साहेब, मी आग नाई लावली."

गार्डने तोंड फिरवलं. मी तिथे उभी होते, मी त्यांना दिसत होते तरी ते माझ्याशी बोलत नव्हते, त्या खाकी कपड्याशीच बोलत होते. दोनदा, तीनदा तेच. मग गार्ड म्हणाला, "नाई लावली, बाबा. प्या पानी." तेव्हा कुठे ते प्यायले.

पायाला प्लास्टर झालं. काकांच्या हाका ऐकल्या होत्या, पण खाकीवाले असतील म्हणून ओ दिली नव्हती, हे बाबांनी नंतर सांगितलं. बाबा पडवीत खाटेवर, मी भिंतीशी. चैत्राची उन्हं रखरखत होती, अंगणात काकांनी आमच्यासाठी वेचून आणलेला मोह वाळत होता. आठ-दहा दिवस मी फोनला हात लावला नव्हता. एका दुपारी बाबाच म्हणाले, "दाखव वो तुह्यं विमान."

"कायले आता?"

"मी कसा दिसत होतो, पाहाचं आहे मले."

मी गेम सुरू केला. फोन त्यांना दिसेल असा धरला. विमान फिरू लागलं. खाली वस्ती, रस्ता, झाडं. एक पांढरा ठिपका घराबाहेर आला. बाबांनी मान पुढे केली. आवाज ऐकून ठिपका थांबला, मग पळाला, आणि एका झाडाखाली जाऊन अंग चोरून बसला.

"असाच," बाबा म्हणाले. "असाच बसलो मी."

मी मोठी तोफ लावली होती. मी ठरवलं नव्हतं. शपथेवर सांगते, ठरवलं नव्हतं. इतक्या महिन्यांच्या सवयीने अंगठ्याने गोल दाबलेला होता.

एक.

"त्याचा पाय मोडला असन का वो?"

दोन.

"उठत नाई तो. त्याले वाटते, दिसलोच नाई."

तीन. मी फोन उलटा करू शकत होते, बंद करू शकत होते. मी काहीच केलं नाही, पाहत राहिले.

पडदा पांढरा झाला. विमान आपलं फिरतच होतं. कोपऱ्यात गुण वाढल्याचं दिसत होतं. आई गेल्यापासून कधी नव्हे ते मला भीती वाटली, आणि ती वाघाची नव्हती, खाकी कपड्याची नव्हती, माझीच होती.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पायथ्याशी पडलेली चादर ओढून त्यांनी गळ्यापर्यंत घेतली.

"थंडी वाजून राह्यली का, बाबा?" मी विचारलं.

"नाई," ते म्हणाले, पण चादर त्यांनी काढली नाही.