कुशन बदललं तो गुरुवार

माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताला कंप सुटला होता आणि तो डॉक्टरकडे जायला तयार नव्हता. तोंडावर मी त्याला अहोजाहो करते, पण लिहिताना तेवढं त्राण उरत नाही. चहा सांडला, की म्हणे बशी उथळ आहे. शर्टाचं बटण लागलं नाही, की शिंप्याने काजं बारीक केलीत. बँकेत सही जुळली नाही, तर पेन भिकार. मी खोलगट बशा आणल्या, बिनबटणांचे टी-शर्ट आणले, पेनंही आणली. हात थरथरायचा तो थरथरतच राहिला.

त्याने सगळी नोकरी कारखान्याच्या टूलरूममध्ये ग्राइंडिंग मशीनवर काढली. बोट फिरवून तो सांगायचा, अजून जरासं घासायला पाहिजे, आणि मोजल्यावर तेवढंच निघायचं. तो रजेवर असला, की नाजूक काम आलं तरी लोक बाजूला ठेवून द्यायचे. "भाऊंना येऊ दे, त्यांच्याच हातून काढू," म्हणायचे. अशा माणसाला, तुमच्या हाताचं काहीतरी बिनसलंय, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी एकदा सांगून बघितलं. तो दोन दिवस जेवणापुरतं बोलला.

स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा निगडीतलं एक पूल पार्लर, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या खेळाचा अड्डा, बंद होत होतं. तिथलं जुनं टेबल यानं उचलून आणलं. चिखलीतल्या आमच्या घरावर एक खोली भाडेकरूसाठी म्हणून बांधली होती. तिथे भाडेकरूऐवजी हे धूड येऊन बसलं. त्या टेबलाच्या कापडाखाली असतात त्या दगडाच्या लाद्या जिन्यातून वर नेताना कठडा काढावा लागला, गल्लीतल्या लोकांना फुकटची करमणूक झाली, आणि मी पुष्कळ आदळआपट केली. मग मलाच त्या खेळाची चटक लागली. माझी नोकरी चाकणला. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसायचं, तळवड्याच्या चौकात अडकायचं, घरी पोचेपर्यंत अंगात भांडायचीही ताकद नसायची. एक डाव खेळायचा आणि मग कुकर लावायचा. तेवढ्या वेळात आमचं बरं चालायचं.

मग त्याचे साधे साधे बॉल हुकायला लागले. "कुशन मेलंय," तो म्हणाला.

या वेळी त्याचं म्हणणं निम्मं तरी खरं होतं. टेबलाच्या कडेला कापडाखाली रबराची पट्टी असते, तेच कुशन. तिच्यावर आपटून बॉल उलटा फिरतो. आमची पट्टी वाळलेल्या खोडरबरासारखी झाली होती. बॉल तिच्यावर जाऊन ढब्ब आवाज करायचा आणि पेंगत परत यायचा. मी रबराचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे मला लगेच कळलं. पण आमचं रबर गाडीच्या इंजिनाखाली बसतं. धक्का गिळायचा, एवढंच त्याचं काम. धक्का परत देणारं रबर मी कधी केलेलं नव्हतं, म्हणून तयार पट्ट्या मागवल्या.

कंपनीत माल नापास झाला, की आम्ही एकेक कारण खोडत जातो. मशीन बघा, कच्चा माल बघा, पद्धत बघा. माणसाचं नाव शेवटी, कारण ते लिहिलं की कुणीतरी बोलणी खातो. मी घरीही तेच करत होते. बशी झाली, पेन झालं, आता कुशन. एवढं निमित्त काढून टाकलं, की त्याच्यापुढे दुसरं काही उरणार नाही आणि तो मुकाट्याने डॉक्टरकडे येईल, असा माझा हिशोब होता. मी फार थकले होते. मला ते प्रकरण एकदाचं निकालात काढायचं होतं.

गुरुवारी आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी, आणि दुरुस्तीसाठी म्हणून वीजही गुरुवारीच जाते. त्यामुळे पंखा नाही, घाम नुसता निथळतोय, अशात आम्ही कामाला लागलो. टेबलाखाली उताणं पडून मी बोल्ट सोडवले. कडेची लाकडं सुटी झाली. कापडाच्या पिना उपसल्या, जुनं रबर सोललं. खाली वाळलेलं सोल्युशन राहिलं होतं, ते खरवडायला त्याने पटाशी घेतली. दुसऱ्याच फटक्याला पटाशी घसरली आणि लाकडाचा कपचा उडाला.

"धार नाही हिला," तो म्हणाला.

धार त्यानेच आदल्या दिवशी लावली होती. तिच्यावर कागद ठेवला असता तर कापला गेला असता. मी म्हटलं, "द्या इकडे, तुम्ही नुसतं लाकूड धरा." त्याने धरलं. लाकूडही हलत होतं. मी खाली मान घालून खरवडत राहिले, कारण वर बघितलं असतं तर त्याच्याशी नजरानजर झाली असती.

नवीन पट्ट्या चिकटवून झाल्यावर कुदळवाडीतले सीट कव्हरवाले चाचा आले. स्कूटर होती तेव्हापासून ते आमची कामं करतात. "भाभी, गाडीची सीट असो नाही तर हे असो, कपडा ताणायचं काम एकच," ते म्हणाले. "पण रबर तुम्ही चिकटवलंय. त्याची गॅरंटी मी नाही घेत." गॅरंटी न घेता त्यांनी कापड सुरेख ताणलं, एक सुरकुती राहू दिली नाही. लाकडं परत बसवायलाही मदत केली. निघताना माझ्या नवऱ्याला म्हणाले, "आता हरलात भाऊ, तर कुणाचं नाव घेणार?" तो हसला. मी चाचांना सोडायला फाटकापर्यंत गेले आणि तिथेच थोडी उभी राहिले. वर जावंसं वाटत नव्हतं.

वर आले तेव्हा वीज आली होती. मी एक बॉल हातानेच ढकलून बघितला. तो पलीकडे गेला, टणकन परत आला, पुन्हा गेला. काम फर्मास झालं होतं. नवऱ्याने खेळायची लांब काठी, क्यू, हातात घेतला. अवघड काही नाही, कोपऱ्यातल्या भोकाच्या, पॉकेटच्या, तोंडाशी असलेला बॉल त्याने निवडला. शाळेतल्या पोराने घातला असता असा. तो वाकला. डावा हात टेबलावर घट्ट होता, उजवा थांबेना. क्यूचं टोक मारायच्या पांढऱ्या बॉलला कडेला लागलं, बॉल भलतीकडे गेला, नव्या कुशनवर आपटला आणि त्याच्या पुढ्यात येऊन थांबला. त्याने पुन्हा मारला. पुन्हा तेच. आणखी एकदा मारला आणि मग सरळ उभा राहिला.

याच क्षणासाठी मी हा सगळा उपद्व्याप केला होता. आता फक्त गप्प बसायचं होतं. पण त्याचा चेहरा बघितला आणि मला ते सोसवेना.

"टेबलाची लेव्हल गेली असेल हो," मी म्हणाले. "लाकडं काढताना हललं असणार."

"लेव्हल बघितली मी. तू फाटकापाशी होतीस तेव्हा." त्याने क्यू भिंतीला टेकवून ठेवला. "चारी कोपरे बघितले. बरोबर आहे. डॉक्टरकडे नंबर लाव."

इतके महिने जे ऐकायला मी जिवाचा आटापिटा केला, ते ऐकलं आणि मला रडू आवरेना.

"लेव्हल पुन्हा एकदा बघा ना," मी म्हणाले.