निळी काच

"पहिले माझ्या डोळ्याले," असं ड्रेसरभाऊ म्हणायचे आणि गरम पाण्यात पिळलेलं फडकं आधी स्वतःच्या मिटलेल्या पापणीवर ठेवायचे. चटका बसला नाही, तरच ते समोरच्या लेकराच्या डोळ्यावर जायचं.

पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या सेक्टर दोनच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं हे त्यांचं काम. असा माणूस तुमच्याही वस्तीत तुम्ही पाहिला असेल. डॉक्टर बदलतात, तो बदलत नाही. आम्ही सगळे त्यांना ड्रेसरभाऊच म्हणायचो.

मी चौथी शिकलेला, ब्लास्ट फर्नेसवरचा, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीवरचा माणूस. कोणाचं ऐकायची सवय मला तेव्हाही नव्हती, आजही नाही. पुढं जे झालं त्यात चूक माझी होती. ती एकदाच कबूल करतो, पुन्हा विचारू नका.

माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. गाल लालबुंद. शेजारीण म्हणायची, "क्या टमाटर जैसी बिटिया है!" मी छाती काढून चालायचो. मग त्या गालांवर बारीक पुरळ आलं. डोळ्यांवर रांजणवाडी, एक बसली की दुसरी हजर. बायको म्हणाली, दवाखान्यात न्या. मी म्हणालो, "काही नाही, बापावर गेली. भट्टीपुढं माझं तोंड कसं होते?" आणि चौकातल्या दुकानातून कुणालाही न विचारता मलमाची एक ट्यूब घेऊन आलो. आठ दिवसांत लाली गेली. मी मिशीवरून हात फिरवला. ट्यूब थांबवली, तर लाली दुप्पट. मग पुन्हा ट्यूब.

शेवटी रांजणवाडीसाठी दवाखान्यात गेलो. ट्यूबचं बोलायचं नाही, असं पोरीला बजावूनच गेलो.

भट्टीच्या आत पाहायला आम्हाला लाकडी दांडीची निळी काच असायची. तडकलेली, टाकून दिलेली एक मी पोरीला खेळायला दिली होती. दवाखान्याच्या बाकावर बसून ती त्यातून रस्ता पाहत होती. मला कौतुक, बापाचं काम शिकून राहिली म्हणून. ड्रेसरभाऊ पट्टी कापता कापता थांबले.

"माय, काच काढ बरं."

तिनं काढली आणि लगेच तोंड माझ्या कुशीत घातलं.

"हे खेळून नाही राहिली, भाऊ. हिले उजेड सोसत नाही. गालाले काय लावता?"

"काही नाही."

"बाबा ट्यूब लावतेत," पोरगी कुशीतूनच बोलली.

सगळा बाक हसला. मी तिला उचललं आणि सायकलकडे निघालो. जाता जाता विचारलं, "तुमी ड्रेसर हाये का डॉक्टर?"

त्यांनी येऊन हँडल धरलं. "ड्रेसरच हाये. म्हणून तं डॉक्टरकडे चला म्हणतो. रुसाचं तं माझ्यावर रुसा, दोन वर्षं रुसा. पण बुबुळाले लागलं ना, मंग ते काचही कामाची नाही."

हँडल सोडलंच नाही. मोठ्या दवाखान्यापर्यंत ते सोबत आले, खिशात कात्री तशीच.

तिथं दुखण्याचं नाव कळलं, रोझेशिया. बहुतेक मोठ्या माणसांना होते, लहान पोरांत कमी दिसते, म्हणून ओळखू येत नाही, असं डोळ्याचे डॉक्टर म्हणाले. गालाचं आणि डोळ्याचं दुखणं एकच होतं. बुबुळाच्या काठाला ते दुखणं लागायला सुरुवात झाली होती. आत सरकलं, तर नजरेला धोका. गोळ्या, थेंब, ट्यूब बंद, उन्हात टोपी आणि दोन वेळा पापण्यांना शेक.

पहिला शेक मी दिला. पोरगी किंचाळली. भट्टीवर हातांची कातडी अशी जाड झालेली, की मला जे कोमट वाटलं ते कढत होतं. त्यानंतर ती कुणालाच जवळ येऊ देईना.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी सुटल्यावर ड्रेसरभाऊ सायकलवर घरी आले. माझे हात उलटेपालटे करून पाहिले. "हे तं मेलेले हात हायेत, बाप्पा. यायले काय कळते? पापणीले विचारा." आणि फडकं स्वतःच्या पापणीवर ठेवलं. "पहिले माझ्या डोळ्याले," हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मग मलाही तसंच करायला लावलं. मिश्यांवरून पाणी गळतंय आणि मी डोळ्यावर फडकं धरून बसलोय. पोरगी इतकी हसली, की तिनं आपला डोळा आपणच पुढं केला.

काच मात्र त्यांनी काढून घेतली. "ज्या दिवशी उन्हात उभी राहून माझ्याकडं सरळ पाहशील, त्या दिवशी परत."

रोज ते आले, की ती दारात उन्हात उभी राहून त्यांच्याकडं पाहायची. डोळ्यांतून पाणी यायचं.

"नाही जमलं, काका."

"उद्या जमन."

असे कितीतरी महिने गेले. दर तपासणीला डॉक्टर म्हणायचे, सरकलं नाही. गाल थोडे लाल राहिलेच. मी आता त्याचा तोरा मिरवत नव्हतो.

पुढल्या हिवाळ्यात ते रिटायर झाले आणि नागपूरकडं आपल्या गावी निघाले. आम्ही दुर्गच्या स्टेशनवर पोचवायला गेलो. भर दुपार. गाडीनं शिटी दिली, तशी पोरगी छपराखालून बाहेर उन्हात जाऊन उभी राहिली. डोक्यावरची टोपी काढली.

"काका, पाहा!"

पाहत राहिली. पापणी लवली नाही.

डब्याच्या दारातून त्यांनी खिशात हात घातला. काच बाहेर काढली. मला वाटलं, आता देतील. त्यांनी ती स्वतःच्याच डोळ्यापुढं धरली.

"ऊन लय हाये, बाप्पा," म्हणाले.

गाडी हलली. काच त्यांच्यासोबतच गेली. नंतर ते भेटले नाहीत.

ऊन आमच्या बाजूला होतं. दारात ते सावलीत उभे होते.