धोतर नंबरचा कोळसा

दुकान झाडलं की दोन गोष्टी निघतात, कोळशाची पूड आणि किस्से. पूड तरी सुपात मावते! सत्तरच्या दशकात कराडात मी डिंक, लाख, कोळसा असला माल विकायचो. गिऱ्हाईक म्हणजे जत्रेत शोभेची दारू उडवणारी मंडळी. सगळेच कलाकार, पण खंडूआप्पाची तऱ्हाच न्यारी.

आप्पा कृष्णेपलीकडच्या गावचा. भैरोबाच्या पालखीपुढं पहिला नळा, म्हणजे ठिणग्यांचं कारंजं उडवणारी दारूची नळी, पेटवायचा मान त्याच्या घराण्याचा. गेल्या जत्रेत नळा फुसका निघाला. पंचांनी बजावलं, यंदा उडाला नाही तर मान खालच्या आळीला. आप्पाची झोप गेली, आणि त्यानं माझीही घालवली.

*

मी त्याला सांगितलं, कोळसा वस्त्रगाळ कर. थोड्याच दिवसांत तो परत आला, तोंड एवढंसं. नळा भस्सकन पेटला आणि 'बघा' म्हणेपर्यंत संपला. ठिणगी एक नाही! विचारलं, वस्त्र कुठलं घेतलंस? तर फेटा. मलमलीचा, वडलांचा! एवढ्या बारीक पिठाची ठिणगी व्हायची कुठून? म्हटलं, जाड कापड घे.

त्यानं गोणपाट घेतलं. "गोणपाट बी वस्त्रच की, शेठ."

या खेपेला ठिणग्या उडाल्या, पण भरड. जळत जळतच खाली आल्या आणि शेजारी बसलेल्या व्याह्यांच्या धोतराची चाळण करून गेल्या. आप्पा त्या भोकांकडं बघतच राहिला. व्याह्यांना वाटलं, आता माफी मागेल.

आप्पा म्हणाला, "पाव्हणं, सूत मध्यम दिसतंय. सोडा जरा."

*

तेव्हापासून आमच्या दुकानात कोळशाचे तीन नंबर झाले. फेटा, धोतर आणि गोणपाट. शहरातले कारखानदार जाळीची भोकं मोजतात म्हणे. आमची जाळी अंगावरच!

एकदा वाईचे एक भटजी लग्नाच्या खरेदीला आलेले, उन्हाचे दुकानात टेकले. तेवढ्यात गिऱ्हाईक म्हणालं, "दोन किलो धोतर बांधा. फेटा नको, लगीच संपतो."

भटजींनी चष्मा पुसला. "का हो, कराडला धोतर किलोवर मिळतं?"

*

मग आप्पाच्या मनात आलं, नळ्यातून चांदण्याही सुटल्या पाहिजेत. चांदण्या म्हणजे दारूच्या गोळ्या. त्या धरून राहायला डिंक लागतो. हे काम त्यानं मेव्हण्याला दिलं. मेव्हणा नामदेव, मिलिटरीतून आलेला. हुकूम म्हणजे हुकूम! मी सांगितलं, डिंक पाण्यात विरघळव. त्यानं बाभळीचा सोडून घरातला, सरबतात घालायचा कतीरा डिंक भिजवला. कतीरा कसला विरघळतोय! तो फुगत गेला, बादलीच्या काठावर चढला, पलीकडं उतरला.

नामदेवाचा निरोप आला, "डिंक भाईर पडलाय. अडवू का जाऊ देऊ?"

*

शेवटी ठरलं, डिंकाचा नाद सोडून लाख वापरू. लाख पाण्याला दाद देत नाही, तिला स्पिरिट लागतं. नामदेवाला कुणीतरी सांगितलं, स्पिरिट म्हणजे दारूच की! त्यानं हातभट्टीची आणली. तिच्यात पाणीच जास्त. लाख बसली तळाशी, आणि नामदेव बसला बादलीशेजारी. वासावर हवालदार आला.

"ही दारू कशाला रं?"

"दारूसाठी, सायेब. हिच्यात लाख घालायची, मग ती दारू धरती."

हवालदारानं त्याला नीट न्याहाळलं. "ती धरंल तवा धरंल. तुला तर आत्ताच धरलीया."

नामदेवाला सोडवून आणलं, परवान्यावर खरं स्पिरिट मिळवून दिलं, आणि लाख गुमान विरघळली.

*

जत्रेला तिन्हीसांजेची पालखी देवळाबाहेर आली. खालच्या आळीचा तात्या पुढच्या वर्षीचा मान मिळाल्यासारखा हाताची घडी घालून उभा. आप्पानं नळ्याला बत्ती दिली. नुसता धूर! नामदेव सावधान उभा राहिला.

आणि मग सोन्याचं झाडच उसळलं! शिखराच्या वर गेलं, फांद्या फुटल्या, शेंड्याला चांदण्या सुटल्या, ठिणग्या निवांत विझत विझत खाली आल्या. सगळं गाव ओरडलं. तात्याची घडी सुटली.

पाटलांनी मानाचा फेटा मागवला. नवाकोरा, जरीकाठी. आप्पानं तो हातात घेतला, मशालीच्या उजेडाला धरला, आरपार बघितलं, दोन बोटांत चोळला आणि सगळ्या गावासमोर पाटलांना म्हणाला,

"आवं पाटील, ह्यो लय बारीक हाय. धोतर न्हाई का?"