गाऱ्हाण्यात राहिलेलं नाव

छापखान्याचे भाई गाऱ्हाणं घालायला उभे राहिले की कणकवलीच्या एसटी स्टँडवरची कुत्रीसुद्धा भुंकायची थांबत. फोंडाघाटातून वर जाणारी पहिली गाडी फलाटाला लागलेली असायची, ड्रायव्हर चहा संपवत असायचा, आणि भाई हातात नारळ धरून, डोळे मिटून, आख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू व्हायचे, "बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या रानात जातत. तेंच्या पायाक काटो लागू देव नको, वाट चुकू देव नको!" आम्ही सगळे ओरडायचो, "व्हय म्हाराजा!" सवयीने कंडक्टरही आमच्यात आवाज मिसळायचा आणि मगच घंटी मारायचा.

गाऱ्हाणं आमच्याकडे देवळात घालतात. भाईंनी ते स्टँडवर आणलं. लग्नपत्रिका छापून पोट भरणारा हा माणूस सुटीच्या दिवशी पाच-पंचवीस जणांना गोळा करून घाटमाथ्यावरच्या अभयारण्यात हिंडवायचा. मी पतपेढीत नोकरीला लागून कणकवलीत नवी नवी राहायला आले होते, ओळखीचं कुणी नव्हतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "भाईंवांगडा जा गो, बरां वाटात." गेले, आणि त्यांच्यातलीच होऊन गेले.

भाईंच्या गाऱ्हाण्यात प्रत्येकाचं नाव यायचं. देवाला नुसतं 'लेकरां' म्हणून ते गप्प बसत नसत. एकेकाकडे बघून नाव घ्यायचे, मग पुढचं. संध्याकाळी खाली उतरून सडकेवरच्या थांब्याला आलो की तीच नावं पुन्हा, त्याच क्रमाने. आपलं नाव आलं की "आसंय!" म्हणायचं. सगळी नावं झाली की नारळाचं खोबरं वाटायचं आणि शेवटच्या गाडीत चढायचं. एकदा मी विचारलं, भाई, देव खरंच ऐकतो का हो? ते म्हणाले, "देव आसा की नाय, ता माका ठावक नाय. पण नाव घेतलेलो माणूस हरवणा नाय."

बारा महिने त्यांच्या पाठीला छत्री सुतळीने बांधलेली असे. कडक उन्हाळ्यातही. कुणी चेष्टा केली की म्हणत, "तुझ्या मोबायलाक रेंज नाय थंय, माझ्या छत्रयेक आसा." खाण्याच्या बाबतीत तर ते जुलमी होते. घावणे-चटणीच्या पुड्या सगळ्यांनी आणायच्या, पण सड्यावर, माथ्यावरच्या त्या उघड्या कातळावर, पोचल्याशिवाय एकानेही पुडी सोडायची नाही. एकदा गवा दिसला. आमच्यातल्या एकाने फोटोसाठी पुढे पाऊल टाकलं, तर भाईंनी त्याची कॉलर धरून खाली बसवला. "तेचां घर आसा ह्यां. बघ, आणि गप ऱ्हव." अर्धा तास आम्ही करवंदीच्या जाळीआड बसून होतो. मान फिरवायचीही सोय नव्हती, आणि इतकं सुख मला नंतर फार थोड्या वेळा मिळालं.

त्यांचा आणखी एक नियम होता. जो समोर उभा नाही, त्याचं नाव गाऱ्हाण्यात घ्यायचं नाही. "देवाक फसवचा नाय," म्हणायचे. या एका नियमापायी पुढचं सगळं झालं.

विलास आचऱ्याचा. कणकवलीत घड्याळं दुरुस्त करायचा, आणि स्वतः कधी वेळेवर यायचा नाही. त्याच्यावरून आम्ही भरपूर हसायचो. दिवाळीच्या आधीच्या त्या रविवारी त्याची आचऱ्याहून येणारी गाडी उशिरा आली. भाईंनी वाट पाहिली, मग त्याला वगळून गाऱ्हाणं घातलं, नारळ फोडला, आणि आम्ही निघालो. विलास मागच्या गाडीने एकटाच वर आला आणि धापा टाकत सड्यावर आम्हाला गाठलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुडी सोडता सोडता तो म्हणाला, "भाई, माझां नाव ऱ्हवलां."

"नारळ फुटलो आता," भाई हसून म्हणाले. "खाली उतारल्यार घेतंय."

दुपारनंतर आभाळ एकदम खाली आलं. पाऊस नाही, नुसतं धुकं. पुढच्या माणसाची पाठ दिसेना. शेवटची गाडी चुकेल म्हणून आम्ही घाईने उतरलो. थांब्यावर भाईंनी भिजलेल्या आवाजात नावं घेतली. सकाळचीच नावं, सकाळच्याच क्रमाने. एकेक जण "आसंय" म्हणत गेला. एकही नाव रिकामं गेलं नाही. सगळे आले, असं आमच्यातल्या प्रत्येकाला वाटलं, कारण इकडेतिकडे बघायची आमची सवयच त्या गाऱ्हाण्याने मोडून टाकली होती. गाडी अर्धा घाट उतरली तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "विलास खंय आसा?"

भाईंनी गाडी थांबवली. पाठीवरची छत्री सोडून हातात घेत ते चढाला लागले. आमच्यातले दोघे-तिघे त्यांच्यामागे धावले. रात्रभर हाका मारल्या, पण चुकीच्या बाजूला. विलास सापडला तो दुसऱ्या दिवशी, वाटेच्या अगदी खाली, पाय मोडून पडलेला. गेलेला होता. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर बराच वेळ जिवंत होता. उतरताना त्या जागी उभं राहून कुणी एकदा जरी नाव घेऊन हाक मारली असती, तर त्याने ओ दिली असती.

भाई आचऱ्याला त्याच्या घरी गेले तेव्हा मी बरोबर होते. त्याची बायको सुनंदा ओसरीवर बसली होती. तिला सगळं कळलेलं होतं. तिने एवढंच विचारलं, "भाई, तुमी तेचां नाव घेतलात नाय?"

"नाय गो," भाई म्हणाले. ती आत निघून गेली.

त्यानंतर त्यांनी कुणालाही वर नेलं नाही. पण स्वतः जायचे. दर महिन्याला, पहिल्या एसटीने, एकटेच. एकदा हट्टाने मी बरोबर गेले. स्टँडवर गाऱ्हाणं नव्हतं. कंडक्टरने ओळखीने मान हलवली, तीही त्यांनी पाहिली नाही. वर त्या जागी पोचल्यावर त्यांनी नारळ ठेवला आणि एकच नाव घेतलं, रान दणाणेल असं. मग स्वतःच हळू म्हणाले, "व्हय म्हाराजा." उतरताना मला पुढे चालायला लावलं. दर दोन पावलांनी "आसंस मां गो?" म्हणून विचारायचे. मी समोर दिसत होते तरी विचारायचे. मला त्यांचा राग आला, दयाही आली, आणि घरी येऊन मी खूप रडले.

गेल्या पावसाळ्यात भाई अंथरुणाला खिळले. छापखाना आधीच बंद पडला होता. दवाखान्यात शेवटी शेवटी ते कुणाला ओळखत नव्हते, पण डोळे मिटून नावं घेत राहायचे. जुनीच नावं, जुन्याच क्रमाने. सगळी संपली की आणखी एक, "विलास." आणि थांबायचे. उत्तर आलं नाही की पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या मुलीने, मी, नर्सने, सगळ्यांनी झोपा म्हणून विनवलं. ते कुणाचंच ऐकत नव्हते.

सुनंदाला मी कळवलं होतं. येईल असं वाटलं नव्हतं. ती आली. पिशवी खाली न ठेवता खाटेपाशी उभी राहिली. भाई नावं घेत घेत शेवटाला आले. "विलास."

"आसा, भाई," ती म्हणाली. "खाली इलोसा. गाडयेत बसलोसा."

भाईंनी डोळे उघडले नाहीत. पण त्यांचे ओठ थांबले. त्या दिवशी त्यांनी पुन्हा नावं घेतली नाहीत, आणि पहाटे गेले.

मी तिला सोडायला बाहेर आले. व्हरांड्यात मला राहवलं नाही, मी तिचा हात धरला आणि म्हटलं, तू फार मोठं मन दाखवलंस.

तिने हात सोडवून घेतला. "मोठां मन नाय गो. मी तेंका माफ करूक नाय, करूचंय पण नाय. पण शेवटची गाडी खोळंबलेली, तेंच्याच्यान सुटाना. माका ठावक आसा, खोळंबणां काय असतां."

मग पदर सावरून ती आचऱ्याची गाडी धरायला स्टँडकडे चालू लागली.