कर्फ्यूकाका आणि राणी

उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत ज्यांची अंघोळ, भाजी आणि भांडणं उरकलेली असत, असे आमच्या महाल वस्तीतले एकच गृहस्थ म्हणजे कर्फ्यूकाका. मग दार लागे ते दिवस मावळेपर्यंत. कुणी हाक मारली की आतूनच ओरडत, "कर्फ्यू आहे गा! संध्याकाळी ये." हा कर्फ्यू राणीसाठी होता. राणी म्हणजे दाट पांढऱ्या केसांची म्हातारी कुत्री. मुलाने, संजूने, कॉलेजात असताना हौसेने आणली आणि नोकरीसाठी पुण्याला जाताना बापाच्या गळ्यात घातली.

काकू त्याआधीच वारलेल्या. आमच्या वरची त्यांची खोली दुपारी इतकी तापे की भिंतीला पाठ टेकवत नसे. काका कूलरमध्ये बादल्या ओतत, ओल्या पोत्यावर राणीला निजवत आणि शेजारी बसून राहत. "खाली या की आमच्याकडे," मी म्हणायचो. "अन् लाईट गेली त हिले वारा कोण घालन?" लाईट जायचीच. मग पुठ्ठ्याने वारा घालता घालता तिलाच सुनावायचे, "मले कैद करून ठेवलं तुनं."

नातीला त्यांनी फक्त फोनवर पाहिलं होतं. सुट्टी मिळे ती उन्हाळ्यात, आणि सून पोरीला या भट्टीत आणायला तयार नव्हती. पुण्याच्या फ्लॅटमध्ये कुत्र्याला मज्जाव. शेवटी एका मे महिन्यात संजू तिकीट घेऊनच आला. राणीला मी सांभाळायचं ठरलं. काकांचा आनंद काय सांगावा! निघायच्या दिवशी सकाळीच ते नातीसाठी संत्रा बर्फी आणायला गेले.

तेवढ्यात एसीत राहायला सरावलेल्या संजूने गारवा बाहेर जाऊ नये म्हणून कूलर चालू ठेवून खिडक्या-दारं घट्ट लावली आणि तो माझ्याकडे चहाला येऊन बसला. काका परतले तेव्हा खोलीत नुसती वाफ कोंडली होती. राणीला धाप लागली होती, जीभ काळपट पडली होती.

"खिडकी काहून लावली बे? कूलर आहे तो, हवा जाईन कुठून?" मी बर्फ आणला तर तो त्यांनी ढकलला. "साधं पाणी दे." पोट, पंजे भिजवत, पुठ्ठा हलवत आम्ही तिला ऑटोतून डॉक्टरकडे नेलं. ती वाचली.

संध्याकाळी काकांनी बॅगेतले कपडे परत कपाटात ठेवले.

"बाबा, ती बरी आहे आता. चला ना."

"तू इथंच वाढला, तरी विसरला. मंग कोणाच्या भरवशावर सोडू?"

मी तिथेच उभा होतो. मला लागलं. संजू बर्फी घेऊन एकटाच गेला. तो गेल्यावर काका राणीच्या अंगावर हात ठेवून म्हणाले, "मलेबी जाचं होतं गा." मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

त्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. राणी मागे राहिली. तेराव्याला संजू पोरीला घेऊन आला. ती आल्या आल्या राणीशेजारी जमिनीवर बसली आणि तिच्या केसांतून हात फिरवू लागली.

"आजोबा हिच्यासाठी आले नाहीत ना?"

संजू म्हणाला, "हो."

पोरीने हात काढला नाही.